दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

मिहिकाच्या गाडीत ते गाणं लागलं आणि माझा हात आपोआप पुढे गेला. बंद करायला गेला की आवाज वाढवायला, ते मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. अबुधाबीहून निघून आम्हाला तासभर झाला होता. आदल्या दिवशी कंपनीने मला निरोपाचं जेवण दिलं आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ज्याचं वेळेशी देणंघेणं संपलं त्यालाच घड्याळ का देतात, हे कोडं मला आजवर उलगडलेलं नाही. मुक्काम लेकीकडे केला आणि शनिवारी सकाळी ती मला अल कुसैस भागातल्या माझ्या घरी सोडायला निघाली. सोडायला आणि सामान बांधायला, कारण महिनाअखेर माझा व्हिसा संपणार होता आणि चौतीस वर्षांनी मी कायमचा परत जाणार होतो. घड्याळ मांडीवर होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तीच वाळू होती. आणि गाडीत आधी ड्रमचा एक ठोका, मग पायऱ्या उतरल्यासारखी खाली येणारी गिटार, आणि मग त्या जपानी बाईचा आवाज. मी तो शेवटचा ऐकला त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

"बाबा, आर यू ओके? एसी वाढवू?"

"हे कुठून मिळालं तुला?"

"कुठून म्हणजे? इट्स एव्हरीव्हेअर. एटीजचं जॅपनीज पॉप आहे, आमच्या ऑफिसमध्ये सगळेच ऐकतात. थर्टी मिलियन व्ह्यूज आहेत याला." मग बोलता बोलता तिने त्याचा हिशेबही करून दिला, "म्हणजे तीन कोटी." मला मोठे आकडे मराठीत लागतात, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. "फनी थिंग सांगू? पहिल्यांदा ऐकलं ना, तेव्हाच वाटलं, आय नो धिस. पुढे चाल कुठे वळणार ते मला आधीच कळत होतं."

"अशी गाणी असतातच," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहू लागलो.

तीन कोटी. जे जगात फक्त दोघांकडे आहे असं मी धरून चाललो होतो, एक ओसाकाच्या कुरामोतोकडे, माझ्या जुन्या दोस्ताकडे, आणि दुसरं माझ्याकडे, ते तीन कोटी लोकांच्या खिशात होतं. मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी मी मांडीवरचं घड्याळ घट्ट धरलं. कारण त्या गाण्यासाठी मी काय देऊन बसलो होतो ते मला माहीत होतं, आणि शेजारी गाडी चालवणाऱ्या मुलीला माहीत नव्हतं. ती बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरत होती. बोटं तिच्या आईची आहेत, लांब आणि टोकाशी जरा वाकडी.

साल पंचाण्णव. अबुधाबी शहरापासून तीन तासांवर, वाळूच्या मधोमध, आम्ही समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना उभारत होतो. ठेका जपानी कंपनीचा होता, त्यामुळे दिवस सुरू व्हायचा तो कवायतीने. पहाटे सहाला कर्ण्यातून पियानो वाजायचा आणि पठाण, मल्याळी, फिलिपिनो, मी आणि खुद्द साइटचे मोठे साहेब, असे आठशे लोक एकदम हात वर करायचे, कमरेत वाकायचे, उड्या मारायचे. पहिल्या आठवड्यात मला लाज वाटली. मग सवय झाली. मग सुट्टीत कराडला गेलो की सहाला जाग यायची आणि हात आपोआप वर जायचे, आणि छाया अंथरुणातून तोंडावर पदर धरून हसायची. छाया माझी बायको. लग्नानंतरच्या पाच वर्षांत आम्ही एकत्र राहिलो ते सगळे दिवस जोडले तर सात महिने होतात. हे मी नंतर मोजलं. त्या काळी मोजायचं सुचलं नव्हतं.

फोन महाग होता आणि कॅम्पात एकच होता. पत्रात काय लिहायचं ते कुणालाच सुचत नसे. म्हणून आम्ही सगळे कॅसेट पाठवायचो. गावाकडे जाणारा माणूस मिळाला की त्याच्या बॅगेत आपली कॅसेट सरकवायची. घरची माणसं टेपरेकॉर्डरभोवती बसून ती ऐकायची आणि मग त्याच कॅसेटवर, माझ्या बोलण्यावरच, आपलं बोलणं भरून परत पाठवायची. मी ते ऐकायचं आणि त्यावर माझं उत्तर भरायचं. नवी कॅसेट कोण आणतंय? एकच कॅसेट दोन-दोन वर्षं कराड-अबुधाबी करायची. म्हणजे आम्ही एकमेकांचे आवाज ऐकायचो आणि लगेच पुसायचो, आणि यात काही वावगं आहे असं कॅम्पातल्या एकाही शहाण्याला वाटलं नाही. पत्र जपून ठेवतात. बोलणं कशाला ठेवायचं? माणूस आहेच की बोलायला.

कुरामोतो माझ्याच वयाचा, पाइपिंगचा इंजिनियर. हेल्मेट त्याला नेहमी मोठं व्हायचं. खोली माझ्या शेजारची होती आणि संध्याकाळी तिथून ही गाणी यायची. त्याच्या कॉलेजच्या दिवसांतली होती, तेव्हाच दहा-बारा वर्षं जुनी झालेली. तो डोळे मिटून ऐकायचा. मी एकदा अर्थ विचारला तर बराच विचार करून म्हणाला, "सिटी. इव्हनिंग. वुमन क्राइंग लिटल बिट, बट डान्सिंग." एवढ्यावर आमची मैत्री जमली. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं, मला जपानी येत नव्हतं, आणि दोघांचंही घर लांब होतं. मला ती गाणी इतकी आवडली याचं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं. घरच्या गाण्यांत शब्द असायचे आणि शब्दांत घर असायचं. या गाण्यात मला काहीच कळत नव्हतं, त्यामुळे आठवण यायची पण ती कशाची ते सांगावं लागत नसे. त्याच्याकडे दोन कॅसेटचा डेक होता. त्याने मला अख्ख्या कॅसेटची नक्कल करून दिली, वर बारीक जपानी अक्षरांत गाण्यांची नावं लिहिली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवली.

मी मूर्खासारखा खुश होऊन ती छायाला पाठवली. साताऱ्याचा एक वेल्डर रजेवर निघाला होता, त्याच्यासोबत. चिठ्ठी लिहिली, 'ही ऐक, फार सुंदर गाणी आहेत, विशेषतः दुसऱ्या बाजूचं शेवटचं.' दीड महिन्याने तो परतला आणि त्याने कॅसेट दिली. कुरामोतो माझ्याच खोलीत बसला होता. मी ऐटीत ती मशीनमध्ये घातली आणि बटण दाबलं. आणि आतून छाया बोलायला लागली. "अहो, ऐकताय ना? आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही वेळेवर जेवता ना? मिहूला दाढा येतायत. एक सांगायचंय तुम्हाला, पण ते शेवटी सांगते, आत्ता नाही."

मी खाडकन बटण बंद केलं. रीतच होती ती, आलेल्या कॅसेटवर उत्तर भरायचं. तिने रीतीप्रमाणे भरलं होतं. पण मला त्या क्षणी दिसला तो फक्त कुरामोतो, गुडघ्यांवर हात ठेवून नम्रपणे बसलेला, आणि त्याने हाताने लिहिलेली ती अक्षरं, ज्यांच्याखाली आता माझी बायको दाढांबद्दल बोलत होती. मला तिची लाज वाटली. हे शब्द मी आज पहिल्यांदा लिहितोय. कुरामोतो म्हणाला, नो प्रॉब्लेम, आय कॉपी अगेन. मग थांबून म्हणाला, "धिस इज लेटर? इम्पॉर्टंट?" मी म्हटलं, नॉट इम्पॉर्टंट. त्यांच्याकडे असली गोष्ट दोनदा विचारायची पद्धत असते. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. मी हसून म्हटलं, "एव्हरी टाइम सेम थिंग." दुसऱ्या दिवशी कवायतीनंतर त्याने कॅसेट आणून दिली, दोन्ही हातांनी. मागच्या कडेच्या दोन बारीक खुट्ट्या त्याने माझ्यासमोर पेनाच्या टोकाने मोडल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर पुन्हा कुणाला काही भरता येत नाही. "नाऊ सेफ," तो म्हणाला.

त्या शुक्रवारी मी रांगेत उभं राहून कराडला फोन लावला आणि तिला झापलं. एवढी अक्कल नाही का, दुसऱ्याची वस्तू, असलं काय काय बोललो. ती म्हणाली, "चुकलं माझं. आता पत्रच टाकत जाईन." तिने पुन्हा कधी कॅसेट भरली नाही. पाच महिन्यांनी, दिवाळीनंतर, ती मूत्रपिंडाच्या दुखण्यात गेली. मी पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, चार-पाच महिने आधी लक्षात आलं असतं तर. एवढंच म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. ते वाक्य मी पुढे तीस वर्षं पुरं करत बसलो.

एक सांगायचंय, पण ते शेवटी सांगते. काय सांगायचं होतं? पाय सुजतात म्हणून? रोज ताप येतो, सासूबाईंना कसं सांगू म्हणून? ती जाऊन दीड वर्ष झाल्यावर एका संध्याकाळी साइटच्या बसमध्ये मला एकदम लक्षात आलं की कुरामोतोने गाणी भरली ती गाणी संपेपर्यंतच. शेवटचं गाणं संपलं की त्याने डेक बंद केला असणार. त्यापुढे कॅसेट जी काही उरली असेल, मिनिट, अर्धा मिनिट, त्यावर छाया अजून असणार. शेवटी सांगते म्हणालेली छाया. मी खोलीवर जाऊन दुसरी बाजू लावली. शेवटचं गाणं विरत गेलं. खरखर झाली. मग खट् असा आवाज, आणि त्यापाठोपाठ काकणं वाजली. दोन काकणं, एकदा. मी बटण बंद केलं. त्यानंतर ती कॅसेट मी लावली नाही. जोवर ऐकलं नव्हतं तोवर ती आजारी होती हे मला तिने सांगितलेलं नव्हतं.

आणि मुलीला मी काय सांगितलं? मुलीला सांगितलं, आईच्या सगळ्या कॅसेट घर हलवताना हरवल्या. ती पाच वर्षांची असताना मी तिला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, शोभनाताईला, इकडे घेऊन आलो. ताईनेच तिला वाढवलं. शाळेत 'माय मदर' निबंध आला की मिहिका विचारायची, आईचा आवाज कसा होता? ताई म्हणायची, गोड होता. मी म्हणायचो, तुझ्यासारखा. मग ती आरशासमोर उभी राहून एकटीच बोलून बघायची. मी दाराआडून हे पाहिलंय आणि पेपर उघडून बसलोय.

घरी पोचल्यावर मी जिना चढतानाच तिला बोलून गेलो की हे गाणं माझ्याकडे कॅसेटवर आहे. कशाला बोललो? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चोरालाही कधीतरी पकडलं जावंसं वाटत असावं. तिने सामान बांधायचं सोडून कपाटं उपसली आणि दाढीच्या सामानाच्या जुन्या पाकिटातून कॅसेट काढली. "बाबा, हँडरिटन! ओ माय गॉड, किती क्यूट आहे!" तिने फोटो काढले. उलटीसुलटी करून पाहिली. "आणि हे मागे का तुटलंय?"

मी स्टुलावर बसलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, नॉट इम्पॉर्टंटसकट. डॉक्टरांचं अर्धं वाक्य दोनदा सांगितलं. ती कॅसेट धरून उभी होती. फोन तिने केव्हाच पालथा ठेवला होता.

"सो इट वॉज नेव्हर लॉस्ट," ती म्हणाली.

"नाही."

"मी तुला विचारायचे. एव्हरी बर्थडे, बाबा. आणि तू म्हणायचास हरवल्या."

"हो."

"थर्टी इयर्स." मग ती मराठीत म्हणाली, हळू, शब्द शोधत, "तुझी भीती तू ठेवायचीस ना. माझी आई का ठेवलीस?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि ताईची पातेली एकात एक घालून खोक्यात भरू लागली, मोठा आवाज करत. मग तिने चहा केला आणि माझा कप माझ्याकडे न बघता स्टुलावर ठेवला. साडेतीनला दारात येऊन म्हणाली, "तो देऱ्याच्या बाजारातला तुझा रेडिओवाला चारला उघडतो ना? यल्ला, ऊठ."

देऱ्याच्या गल्लीतला बदरुद्दीन मूळचा दापोलीकडचा. वीस वर्षं तो माझे रेडिओ, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करतोय. माझ्या टेपरेकॉर्डरचा पट्टा कुजलाय हे त्याला माहीत होतं. दरवेळी म्हणायचा, साहेब, तो टेप घेऊन या, दहा मिनिटांचं काम आहे, आणि दरवेळी मी म्हणायचो, आणतो, इन्शाल्ला. आता मिहिकाच्या हातात टेप पाहून त्याने चष्मा कपाळावर चढवला. "आज मुहूर्त लागला म्हणायचा." पण आमचे चेहरे पाहून तो लगेच कामाला लागला. पट्टा बदलला, हेड स्पिरिटने पुसलं आणि कॅसेट उजेडात धरून पाहिली.

"कुठलं ऐकायचंय?"

"दुसऱ्या बाजूचा शेवट," मी म्हटलं.

"तर मग सुरुवातीपासून आपल्या चालीनं जाऊ दे. पळवत न्यायची नाही, ताण बसतो." तो मिहिकाकडे वळला. "आणि ताई, टोकाला फीत चाकाला जोडणारा जो सांधा असतो ना, तो इतक्या वर्षांत सुकतो. शेवटाला आली की सुटला तर सुटला. एकदा वाजेल. दुसऱ्यांदाचं मी सांगत नाही."

मिहिकाने फोन रेकॉर्डवर लावून मशीनच्या जाळीशी ठेवला. बदरुद्दीनने पंखा बंद केला आणि शटर अर्धं खाली ओढलं. त्याने बटण दाबलं.

तेवीस मिनिटांची बाजू. पाच गाणी. आम्ही तिघं तीन स्टुलांवर, आणि त्या अंधाऱ्या दुकानात ती शहरातली संध्याकाळ. पहिल्या गाण्याला मला कुरामोतोच्या खोलीतला साबणाचा वास आला. दुसऱ्याला पाठ दुखली, चौथ्या मजल्यावरच्या पाइपांत वाकून काढलेल्या महिन्यांची. गाणी चांगली होती. हे कबूल करायला हवं, त्यांचा काही गुन्हा नव्हता. तिसऱ्या गाण्यात टेप एकदा कुरकुरली आणि माझ्या पाचावर धारण बसली. मला वाटलं, आत्ताच तुटावी, म्हणजे सुटेन. लगेच वाटलं, नको, एवढी तरी लाज ठेव. मिहिका खाली बघत होती. ती ऐकत नव्हती, वाट पाहत होती. बत्तीस वर्षांची बाई, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि बसली होती मात्र शाळा सुटल्यावर न्यायला कुणी येईल का याची वाट पाहणाऱ्या पोरीसारखी. मी मनात छायाशी बोलत होतो. काय असेल ते सांगून टाक. पाय सुजले असतील तर सांग, मी ऐकतो. हिच्यासमोर ऐकतो. मला माफ नको करूस, पण हिच्याशी दोन शब्द बोल.

पाचवं गाणं लागलं. गाडीत लागलं होतं तेच. ते संपत आलं तेव्हा त्या बाईचा आवाज एकेक पाऊल मागे सरत गेला, मग नुसती गिटार, मग खरखर. मग कुरामोतोच्या बोटाने दाबलेलं ते बटण, खट्. मग काकणं. माझा हात उठला. मिहिकाने तो बघितला नाही, नुसता धरला आणि खाली दाबून ठेवला.

"हां," छाया म्हणाली. "अगदी तस्संच. बाबांना ऐकू दे."

आणि एक अगदी लहान मूल गाऊ लागलं. शब्द नव्हतेच, नुसते आवाज होते, ला आणि ना आणि मी आणि काहीतरी जपानीसारखं. पण चाल पक्की होती, पायऱ्या उतरत येणारी. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. ती कॅसेट घरी दीड महिना होती. किती वेळा लावली असेल तिने, मुलीला मांडीवर घेऊन, की सव्वादोन वर्षांच्या पोरीच्या तोंडी ते बसलं असेल? सगळं पाठ करून घेतलं आणि मगच त्यावर भरलं. मूल पहिल्या ओळीच्या शेवटी अडखळलं आणि थांबलं. छाया हसली. त्या हसण्यावर पदर होता, मला ते नुसत्या आवाजावरून कळलं.

"आणि पुढे?" छायाने विचारलं.

मुलाने श्वास घेतला आणि कॅसेट संपली. मशीनचं बटण टक्कन वर आलं.

शेवटी सांगते म्हणाली होती ते हेच होतं, की दुखण्याचंही सांगायचं होतं आणि त्याआधीच कॅसेट संपली? हे मला आता कधी कळणार नाही. दोन्ही खरं धरून मला राहिलेले दिवस काढावे लागतील. बदरुद्दीनने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा काढला. सांधा सुटला होता की धरून होता ते पाहायला त्याने झाकण उघडलं नाही. मिहिकाचा हात माझ्या हातावर तसाच होता, घामाने ओला.

"हे मीच आहे ना?" ती म्हणाली.

"तूच."

तिने घसा साफ केला. मग मान थोडी खाली घालून, जाळीशी ठेवलेल्या फोनकडे बघत, तिने पुढची ओळ गायली, शब्दांशिवाय, ला आणि ना करत, जिथे ती तीस वर्षांपूर्वी अडली होती तिथून. चाल चुकली नाही. ओळ संपली तरी फोन चालूच होता, आणि या वेळी मी तो बंद केला नाही.